लामेत्ताच्या काठचा सरळ रस्ता

"आणि हिंदुस्थान? या खोऱ्यात हिंदुस्थानची थडगी किती?" अमेरिकन मेजर हॅलोरनने पेन्सिल वर धरून विचारलं.

"एकही नाही," इंग्रज ब्रिगेडियर व्हिटकोम म्हणाले.

प्रश्न मला होता. उत्तर त्यांनी दिलं, आणि देताना माझ्याकडे पाहिलंही नाही.

ही गोष्ट शेहेचाळीस सालच्या ऑक्टोबरातली. उत्तर इटलीतल्या एका तळ्याकाठच्या हॉटेलात, जेवणाच्या दालनात, लांबलचक टेबलाभोवती आम्ही चार राष्ट्रं बसलो होतो. युद्ध जिंकून वर्ष उलटलं होतं आणि जिंकणारे आता आपसांत घासाघीस करत होते. मोठे तह मोठी माणसं मोठ्या शहरांत करत होती. आमच्या वाट्याला लामेत्ता नाव असलेल्या नदीचं एक खोरं आलं होतं. तिथे कोणत्या राष्ट्राला आपल्या मेलेल्या सैनिकांसाठी कुठली जमीन कायमची मिळणार, एवढंच आम्ही ठरवायचं होतं. इटली हरलेली, त्यामुळे तिला कुणी विचारत नव्हतं. तसं मलाही कुणी विचारत नव्हतं, पण मी जिंकलेल्यांच्या बाजूला बसलो होतो.

मी कॅप्टन आनंदराव जगदाळे, मराठा पलटणीचा, राहणार कराड. वडील कराडच्या कोर्टात वकील. मीही कायद्याचा अभ्यास अर्धा टाकून फौजेत शिरलेला. दिल्लीत नवं हंगामी सरकार आलं होतं, आणि अशा प्रत्येक टेबलाशी एक हिंदी चेहरा असावा असा वरून हुकूम सुटला होता. तो चेहरा मी. पहिल्याच दिवशी ब्रिगेडियरसाहेबांनी मला बाजूला घेऊन प्रेमाने सांगितलं होतं, "तुम्ही फक्त बघा, जगदाळे. हे काम कसं चालतं ते शिकून घ्या."

काम असं चालायचं. मतदान नव्हतं. अध्यक्ष म्हणून ब्रिगेडियर एकेक कलम वाचत, मग फ्रेंच कर्नल द्यूरास यांच्याकडे बघत, मग मेजर हॅलोरनकडे. ज्याला पटलं नाही त्याने बोलायचं. जो गप्प बसला, तो कबूल. माझ्यापर्यंत नजर येण्याआधी ब्रिगेडियरसाहेब पान उलटत.

मी आठवडाभर गप्प होतो, कारण भांडण्यासारखं काही निघालंच नव्हतं. पहिलं कलम तर मला आवडलंही होतं. ते कर्नल द्यूरासांनी मांडलं होतं. विजयी राष्ट्राच्या सैनिकांचे अवशेष या खोऱ्यात जिथे जिथे असतील, ती जागा कायमची त्या राष्ट्राची. त्याच्या परवानगीवाचून तिथे कुणी कुदळसुद्धा मारायची नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी गप्प, म्हणजे मीही कबूल.

आणि आज हा नकाशा पुढे आला. टेकडीवर फ्रेंचांची दफनभूमी होती. नदीवर अमेरिकन इंजिनियर नवा पूल बांधणार होते. पुलापासून टेकडीपर्यंत कर्नल द्यूरासांनी पट्टी ठेवून लाल पेन्सिलीने एक सरळ रेघ मारली होती. तो रस्ता. रेघ नदीच्या ज्या काठावरून गेली होती, तो काठ मी ओळखला. आमची पलटण त्याला घाट म्हणायची.

"थडगी नाहीत," मी म्हणालो, "पण जागा आहे. आमचे जवान त्या काठावर दहन झाले."

या टेबलाशी मी पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं. मेजर हॅलोरनला नवल वाटलं. माणूस सरळ होता, खोडसाळ नव्हता. त्याने विचारलं, "दहन, म्हणजे जाळले? मग आता ते आहेत कुठे?"

"नदीत. आमच्या रीतीप्रमाणे अस्थी वाहत्या पाण्यात सोडतात."

ब्रिगेडियरसाहेबांनी हात पसरले. "बघा, कॅप्टन स्वतःच सांगताहेत. काठावर कोणी नाही. काठ रिकामा आहे." आणि त्यांनी पान उलटलं.

"हिंदुस्थानला कबूल नाही," मी म्हणालो.

उलटलेलं पान त्यांच्या हातात तसंच राहिलं. मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि जेवणाची सुट्टी जाहीर केली. जेवणाला अजून बराच अवकाश होता.

बाहेरच्या सज्जात त्यांनी मला गाठलं. आवाज चढवला नाही. तो माणूस आवाज कधीच चढवत नसे, त्याचाच मला जास्त राग यायचा.

"जगदाळे, हा रस्ता फुकट दिलेला नाही. बदल्यात फ्रेंच आपल्याला पलीकडच्या खोऱ्यातली चर्चमागची जागा सोडताहेत. तिथे आपली मुलं पुरलेली आहेत."

"तुमची, सर."

"आपली," ते म्हणाले. "आणि दुसऱ्या खोऱ्यात तुमच्या पंजाबी मुसलमान जवानांची थडगी मी स्वतः मंजूर करून घेतली, विसरू नका. जिथे थडगं आहे तिथे मी भांडतो. जिथे काहीच नाही तिथे कशावर भांडू?" मग ते थोडं जवळ आले. "इंग्लंडच्या स्टाफ कोर्ससाठी तुमचं नाव माझ्या टेबलावर आहे. उद्या तुमचा देश स्वतंत्र होईल, त्याला शिकलेले अधिकारी लागतील. मोकळ्या गवतापायी ते घालवू नका. दुपारी मी कलम पुन्हा वाचेन. तुम्ही नेहमीसारखे बसा."

मला तो कोर्स हवा होता. खोटं कशाला बोलू? घरी पत्रातून कळवूनसुद्धा टाकलं होतं, आणि वडिलांनी अर्ध्या कराडला सांगितलं होतं.

खाली बागेत सुभेदार रावजी शेलार माझी वाट बघत उभे होते. माझ्या मदतीला म्हणून त्यांना पलटणीतून मागवून घेतलं होतं. पाटणच्या डोंगरातले, मिशा पांढऱ्या, पेन्शनीला आलेले. लढाईच्या त्या हिवाळ्यात आमच्या कंपनीची वरची फळी गारद झाली होती, आणि मेलेल्यांचं सगळं सुभेदारांनीच उरकलं होतं. लाकूड सगळं भिजलेलं. त्यांनी शेजारच्या मळ्यातले द्राक्षवेलींचे खांब उपटायला घेतले, तेव्हा मळ्याची म्हातारी किंचाळत धावून आली होती. काठावर ओळीने ठेवलेली पोरं तिने पाहिली आणि ती गप्प झाली. मग आत जाऊन तिने स्वतःच्या गोठ्याचं दार बिजागरीतून काढून आणलं. त्या सगळ्या चितांना अग्नी सुभेदारांनी दिला. कुणाचा बाप नाही, भाऊ नाही, लेक नाही, म्हणून सगळ्यांचे तेच. दुसऱ्या दिवशी तोफा चालू असताना त्यांनी राख सावडली आणि एकेकाचं नाव, गाव घेऊन नदीत सोडली.

मी त्यांना रस्त्याचं सांगितलं.

ते तळ्याकडे वळले. "म्हंजी चितेच्या जाग्यावरनं मोटारी जाणार?"

"हो."

"आन् आपन हितं जिंकल्यालं हाय म्हणं."

ते माझ्याकडे वळले.

"सायेब, म्या पेन्शनीत गेलो की एकेकाच्या घरला जानार हाय. शबूद दिलाय मनाला. तारळ्याला जानार, मोरगिरीला जानार. म्हातारी इचारल, माझ्या लेकराला कुटं ठिवलंस? काय सांगू? वरनं रस्ता ग्येला म्हनून सांगू?"

"ते म्हणतात, काठावर काही नाही. अस्थी तर आपण नदीत सोडल्या."

"मग सोडनार न्हाईतर काय खिशात घालून फिरनार?" सुभेदार भडकले. "त्यांच्यात पुरत्यात, त्येंची जिमीन त्येंला. आपल्यात व्हात्या पान्यात सोडत्यात. ह्यो काय गुन्हा झाला?"

वडिलांची एक सवय मला आठवली. समोरच्या वकिलाने एखादा मुद्दा जोरात मांडला की ते खोडायला उठत नसत. आधी सगळा कबूल करत. कोर्ट चक्रावून जाई. मग ते चष्मा पुसत पुसत त्याच मुद्द्याचं पुढचं टोक धरत आणि ओढत. लहानपणी मला वाटायचं बाबा हरले, आणि घरी येताना कळायचं की केस आपल्याकडे लागली.

"सुभेदारसाहेब," मी म्हणालो, "दुपारी आत चला माझ्याबरोबर. मेडलं लावून."

"आन् म्या काय करू थितं?"

"विचारलं तर खरं सांगा. नाही विचारलं तर उभे राहा."

दुपारी टेबलाशी सगळे आले तेव्हा माझ्या खुर्चीमागे सुभेदार ताठ उभे होते. ब्रिगेडियरसाहेबांनी भुवई उंचावली, पण हरकत घेतली नाही. त्यांनी कलम वाचलं. पुलापासून फ्रेंच दफनभूमीपर्यंत सरळ रस्ता. वाटेत कोणत्याही विजयी राष्ट्राची जागा येत नाही. या वेळी मात्र ते माझ्याकडे बघत थांबले.

"हिंदुस्थानला कबूल आहे," मी म्हणालो.

मागे सुभेदारांना इंग्रजी फारसं कळत नव्हतं. पण एवढं कळलं असावं, कारण त्यांच्या बुटांची हालचाल मला ऐकू आली.

"शहाणपणाचं केलंत," ब्रिगेडियर म्हणाले आणि खरोखर हसले.

"काठ रिकामा आहे, हे अध्यक्षांचं म्हणणं मला मान्य आहे. आमचे जवान काठावर नाहीत, नदीत आहेत. तेव्हा फक्त नदी तेवढी आमच्या नावावर लिहून घ्या."

मेजर हॅलोरनने पेन्सिल खाली ठेवली. "काय लिहून घ्या?"

"नदी. घाटापासून पुढे, वाहत जाते तिथवर. पहिलं कलम बघा. अवशेष जिथे जिथे असतील ती जागा त्या राष्ट्राची. परवानगीवाचून तिथे कुदळ मारायची नाही. पूल घाटाच्या खालच्या अंगाला आहे. त्याचे खांब आमच्या माणसांवर उभे राहणार. त्याला हिंदुस्थानची परवानगी लागेल."

"हा पोरखेळ आहे," ब्रिगेडियर म्हणाले. "तुम्ही पहिल्या कलमावर अवाक्षरही बोलला नव्हता."

"नव्हतो. आणि जो गप्प तो कबूल, हा आपलाच नियम आहे, सर. माझी संमती तुम्ही पहिल्याच दिवशी घेतलीत. आज मी ती पाळतोय."

कर्नल द्यूरास एकदम खोकले. मला वाटलं रागावले. नंतर लक्षात आलं, म्हातारा हसू दाबत होता.

मेजर हॅलोरनला मात्र हसू येत नव्हतं. पुलाचं लोखंड निघून वाटेत होतं. "समजा, मी परवानगी मागितली. द्याल?"

"मला एवढा अधिकार कुठला? दिल्लीला विचारावं लागेल. दिल्लीत सध्या सगळं नवं आहे. उत्तर यायला वेळ लागतो."

"किती?"

"आम्ही सव्वाशे-दीडशे वर्षं एका उत्तराची वाट बघतोय, मेजर. अजून आलं नाही."

ब्रिगेडियर व्हिटकोम यांचे कान लाल झाले. एवढ्या दिवसांत मी ते प्रथमच पाहिलं, आणि मला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं.

"नदी पुढे समुद्राला मिळते," कर्नल द्यूरास शांतपणे म्हणाले. "समुद्राचं काय, कॅप्टन?"

"समुद्राचा विचार अजून केलेला नाही, सर."

या वेळी हॅलोरनसुद्धा हसला. पण द्यूरास हसले नाहीत. ते माझ्या डोक्यावरून मागे बघत होते. "हा माणूस तिथे होता?"

मी सुभेदारांना पुढे बोलावलं. "कर्नलसाहेब विचारताहेत, तुम्ही घाटावर होता का?"

"म्याच होतो," सुभेदार म्हणाले, आणि सावधान उभे राहून बोलू लागले. द्राक्षाचे खांब, भिजलेलं लाकूड, गोठ्याचं दार. मी इंग्रजीत सांगत गेलो. ते पुढे एकेक नाव घेऊ लागले, नाव आणि गाव, नदीत सोडताना घेतली होती तशीच. विठोबा कदम, मल्हारपेठ. ज्ञानू साळुंखे, तारळे. सखाराम मोहिते, मोरगिरी. नावांना भाषांतर लागत नाही. मी गप्प बसलो आणि कुणीही मला पुढे सांगा म्हटलं नाही. माझे डोळे भरले होते, आणि ते कुणाला दिसले तरी मला पर्वा नव्हती.

सुभेदार थांबल्यावर कर्नल द्यूरास नकाशावर वाकले. त्यांचा मुलगा त्या टेकडीवर होता, हे मला मागून समजलं. तेव्हा एवढंच दिसलं, की त्यांचा हात त्या लाल रेघेवर होता.

"मी हा रस्ता सरळ मागितला," ते म्हणाले, "कारण आमच्या बायका येतील. म्हाताऱ्या आया, बसमधून, दरवर्षी. त्यांना त्रास नको." मग त्यांनी मला विचारलं, "तुमच्या आया येतील इतक्या लांब?"

"नाही येणार, सर. त्यांनी सातारासुद्धा पाहिलेला नाही."

"मग जागा कुणासाठी हवी?"

ब्रिगेडियरसाहेबांनी हेच विचारलं असतं, तर मी काहीतरी टोचून बोललो असतो. या म्हाताऱ्याशी तसं बोलवेना.

"त्या येणार नाहीत म्हणूनच हवी. तुमच्या आया स्वतः येऊन बघतील. आमच्यांना दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागणार. तो शब्द खरा असला पाहिजे. हा सुभेदार त्यांच्या दारात जाऊन सांगणार आहे, की तुझ्या पोराची जागा तिथे आहे. तेव्हा ती तिथे असली पाहिजे."

"तुम्हाला नदी नको आहे," द्यूरास म्हणाले.

"मला काठ हवा आहे."

"कर्नल, आपला सौदा झालेला आहे," ब्रिगेडियर मध्येच म्हणाले. "चर्चमागची जागा..."

"चर्चमागची जागा तुम्हाला मिळेल," द्यूरास म्हणाले. "त्यासाठी या माणसांवरून गाडी नेण्याची मला गरज नाही. तुम्ही मला सांगितलं होतंत की तिथे नुसतं गवत आहे." त्यांनी पट्टी उचलून बाजूला ठेवली. रबराने रेघ मधेच पुसली, आणि नुसत्या हाताने काठाला वळसा घालून नवी काढली. "मेजर, एवढं वळण चालेल?"

"गाड्यांना ब्रेक असतात," हॅलोरन म्हणाला.

ब्रिगेडियरसाहेबांना आता कलम पुन्हा वाचावं लागलं. नदीकाठची ती जागा हिंदुस्थानची, कायमची. रस्ता तिला वळसा घालून जाईल. हिंदुस्थान नदीवरचा दावा मागे घेतो. फ्रान्सकडे पाहिलं. अमेरिकेकडे पाहिलं. आणि पान उलटू लागले.

"सर," मी म्हणालो, "हिंदुस्थानला विचारायचं राहिलं."

त्यांनी पान परत आणलं. माझ्या डोळ्यांत बघून, एकेक शब्द वेगळा करत ते म्हणाले, "हिंदुस्थानला कबूल आहे?"

"आहे," मी म्हणालो.

निघताना दारात त्यांनी मला थांबवलं. "कोर्सचं विसरा, जगदाळे."

"विसरलो, सर."

माझ्याबद्दल त्यांनी शेरा लिहिला, हुशार पण हटवादी, मित्रराष्ट्रांशी सहकार्याची वृत्ती नाही. पुढे आपलं राज्य आल्यावरही तो शेरा माझ्या मागे मागे फिरला, आणि माझ्या मागून आलेले दोघे-तिघे माझ्यावर साहेब झाले. वडील वर्षभर माझ्याशी धड बोलले नाहीत. मग एकदा कुणीतरी त्यांना टेबलावरची सगळी हकिगत सांगितली. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "आधी कबूल म्हणालास?" मी हो म्हटलं. "मग बरोबर," म्हणाले, आणि जेवायला बसले.

सुभेदार शेलार पेन्शनीत गेले आणि ठरवल्याप्रमाणे गावोगाव फिरले. तारळ्याला मी त्यांच्याबरोबर होतो. ज्ञानूची आई आंधळी झाली होती. सुभेदारांनी तिचा हात हातात घेऊन सांगितलं, "आये, घाट हाय त्येचा. सरकारी दगूड हाय, त्येच्यावर नाव हाय. आन् रस्ता त्येला वळसा घालून जातो." म्हातारीने विचारलं, "वळसा घालून?" सुभेदार म्हणाले, "व्हय. गोऱ्यांच्या मोटारी समद्या. वळसा घालून." तिने मान हलवली, आणि तेच दोन शब्द तिने पुन्हा स्वतःशी म्हटले.

मी स्वतः तिकडे गेलो तो नोकरी संपल्यावर, पत्नीला घेऊन. स्टेशनच्या गावातून टॅक्सी केली. ड्रायव्हर तरुण होता, युद्धानंतर जन्मलेला, बोलका आणि घाईतला. लामेत्ताचा पूल ओलांडला आणि रस्ता समोर टेकडीपर्यंत नाकासमोर जात असल्यासारखा दिसू लागला. पोराने गाडी भरधाव सोडली. आणि एकाएकी रस्ता उजवीकडे मोडला. करकचून ब्रेक लागला, माझी पत्नी माझ्या अंगावर आली, बाहेर नदीकाठचं गवत, दगडी कठडा आणि त्यातला उभा दगड खिडकीतून हळूच सरकत गेला.

ड्रायव्हरने स्टिअरिंगवर हात आपटला. लढाईत शिकलेली माझी मोडकीतोडकी इटालियन एवढं समजण्यापुरती शाबूत होती.

"सरळ रस्ता होता!" तो ओरडला. "कुठल्या गाढवाने इथे वळण काढलं?"

"मी," मी म्हणालो. "थांबव गाडी."